प्रबळ कंपनी मुक्तस्रोत स्वीकारते, तेव्हा डेव्हलपरने विश्वास नेमका कशावर ठेवावा?

मांडवीतीर (धागाकर्ते) :

सप्रेम नमस्कार. फोंड्याला आमचे लहानसे सॉफ्टवेअरचे काम आहे आणि त्याच्या जोडीने परिसरातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आम्ही शनिवारी प्रत्यक्ष प्रोग्रामिंग शिकवतो. नव्या सत्रात विद्यार्थ्यांच्या हाती कोणती साधने द्यावीत याची चर्चा सुरू झाली, तेव्हा आमच्यात सरळ दोन तट पडले. वयाने मोठ्या सहकाऱ्यांना मायक्रोसॉफ्टने मुक्तस्रोताच्या (म्हणजे मूळ प्रोग्राम, अर्थात ‘स्रोत’, कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता यावा अशा पद्धतीच्या) नावाने दिलेली कोणतीही वस्तू नको आहे. तरुण सहकाऱ्यांना हा आक्षेपच कळत नाही, कारण त्यांनी पाहिलेली मायक्रोसॉफ्ट ही व्हीएस कोड हा प्रोग्राम लिहिण्याचा एडिटर आणि टाइपस्क्रिप्ट ही भाषा मोफत देणारी कंपनी आहे. दोन्हीकडची माणसे विचारी आहेत, म्हणून हा प्रश्न येथे मांडतो.

जुन्यांचा संशय निराधार नाही. 1998 च्या अखेरीस कंपनीची जी अंतर्गत टिपणे ‘हॅलोवीन दस्तऐवज’ या नावाने उघडकीस आली, त्यांत लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीला रोखण्यासाठी खुल्या प्रोटोकॉलमध्ये (संगणकांच्या आपसांतील संवादाच्या नियमांत) स्वतःची भर घालून ते इतरांना वापरण्यास अवघड करावेत, असा विचार स्पष्टपणे मांडलेला होता. 2001 मध्ये तेव्हाचे मुख्याधिकारी स्टीव्ह बाल्मर यांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली. 2007 मध्ये लिनक्स व इतर मुक्त प्रणालींनी आपल्या 235 पेटंटांचा भंग केला आहे, असा दावा कंपनीने केला. ती पेटंटे कोणती याची यादी मात्र जाहीर केली नाही, त्यामुळे टांगती तलवार तेवढी राहिली. त्या काळात लिनक्सवर काम करणाऱ्या माणसाने हे विसरावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

2014 मध्ये सत्या नडेला मुख्याधिकारी झाले आणि त्यानंतरचा क्रमही तितकाच खरा आहे. त्याच वर्षी कंपनीच्या डॉटनेट या प्रोग्रामिंग-व्यासपीठाचा गाभा खुला करण्याची घोषणा झाली, 2015 मध्ये व्हीएस कोडचा स्रोत एमआयटी या जवळजवळ काहीही करू देणाऱ्या परवान्याखाली आला, 2016 मध्ये कंपनी लिनक्स फाउंडेशनची सदस्य झाली आणि 2018 मध्ये तिने साडेसात अब्ज डॉलरांना गिटहब हे स्रोत ठेवण्याचे आणि त्यावर मिळून काम करण्याचे संकेतस्थळ विकत घेतले. शतकाच्या आरंभी मुक्तस्रोताच्या बाबतीत आपण इतिहासाच्या चुकीच्या बाजूला होतो, असे कंपनीचे अध्यक्ष ब्रॅड स्मिथ यांनी 2020 मध्ये जाहीरपणे मान्य केले.

कंपनी मनापासून बदलली की नाही, हा प्रश्नच सोडून द्यावा असे माझे मत आहे. कंपनीला मन नसते. तिला भागधारक असतात, मुख्याधिकारी असतात आणि ते बदलतात. एकाच्या कारकिर्दीत फिरलेले धोरण दुसऱ्याच्या कारकिर्दीत पुन्हा फिरू शकते. आपण विचारायचे ते एवढेच की, कंपनीने दिलेल्या वस्तूंपैकी कोणती आता तिला परत घेता येणार नाही आणि कोणती अजून तिच्या मुठीत आहे. आपणा सर्वांचे अनुभव वाचायला आवडतील.

आबोली :

मांडवीतीर सर, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत आहे, तरी तरुणांची बाजू थोडी अधिक जोराने मांडते. वाळपईजवळच्या आमच्या गावात मी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घालून प्रोग्रामिंग शिकले. चांगल्या एडिटरसाठी मोजायला घरी पैसे नव्हते. त्या वेळी व्हीएस कोड नसता तर मी शिकलेच नसते असे म्हणणार नाही, परंतु डीबगर (चुका शोधण्याचे साधन), गिट (बदलांचा इतिहास ठेवणारे साधन) आणि टर्मिनल (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) एका जागी नीट चालताना पाहून जो आत्मविश्वास आला, तो माझ्यासाठी फार मोठा होता. आज मी डॉटनेटवर काम करते आणि आमचे सर्व सर्व्हर लिनक्सचे आहेत. 2010 मध्ये ही जोडी कोणी गांभीर्याने सुचवली नसती.

दुसरे असे की, या बदलामागे व्यवहार आहे हे कंपनीने लपवलेले नाही. तिचे उत्पन्न विंडोजच्या खोक्यांकडून अझ्युअर या सर्व्हर भाड्याने देणाऱ्या सेवेच्या भाड्याकडे सरकले, आणि 2019 मध्ये तर अझ्युअरवरील लिनक्सचा वापर विंडोजपेक्षा पुढे गेल्याचे कंपनीनेच सांगितले. ज्याच्या भाड्यावर घर चालते त्याच्याशी कोणी वैर करत नाही. मला उदारपणापेक्षा असा स्वार्थ अधिक भरवशाचा वाटतो, कारण तो उघड दिसतो आणि मोजता येतो.

पेटंटांच्या बाबतीतही तुमचा आढावा 2007 वर थांबला आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये कंपनी ओपन इन्व्हेन्शन नेटवर्क या लिनक्सला पेटंटांच्या दाव्यांपासून वाचवणाऱ्या संघटनेत सामील झाली आणि सुमारे 60,000 पेटंटे तिने तेथील परस्पर परवान्याच्या कक्षेत आणली. त्या टांगत्या तलवारीचे काय झाले, याचे उत्तर भाषणात नव्हे तर करारात मिळाले आहे.

कोरगुट :

आबोली यांनी भाड्याची गोष्ट काढली, ती मला पटते. पण भाडे वसूल कोठे होते, हे पाहिले पाहिजे. त्यासाठी मला आमच्या खाजनाचे उदाहरण द्यावेसे वाटते.

आमचे शेत चोडणला आहे. खाडीकाठी बांध घालून केलेल्या खाजन शेतीत जमीन, बांध आणि मानस या तीन गोष्टी असतात. मानस म्हणजे बांधातली पाण्याची दारे. भरतीला ती मिटतात आणि ओहोटीला उघडतात, म्हणून खारे पाणी आत येत नाही. या मानशीत मासळी पकडण्याच्या हक्काची दरवर्षी पावणी (लिलाव) होते. जमीन शेतकऱ्यांची, बांध सगळ्यांच्या श्रमाचा. परंतु मासळीच्या लोभाने पावणीदाराने दारे भलत्या वेळी उघडी ठेवली, तर शेतात खारे पाणी शिरते आणि साधे भात उगवत नाही. जमीन कोणाच्या नावावर आहे याने त्या वर्षी काही फरक पडत नाही. गोव्यात या कारणावरून किती तंटे झाले आहेत, हे आमच्या तिसवाडी तालुक्याच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

व्हीएस कोडचा स्रोत ही शेतजमीन आहे आणि ती खरोखरच सर्वांची आहे. मानस दुसरीकडे आहे. आपण संकेतस्थळावरून जो तयार प्रोग्राम उतरवून घेतो, तो एमआयटी परवान्याखाली नसतो. त्याला कंपनीचा वेगळा परवाना असतो आणि त्या प्रोग्राममध्ये टेलिमेट्री (वापराची माहिती कंपनीला पाठवणारी सोय) असते. एक्स्टेन्शनांची (एडिटरला जोडायच्या पूरक सोयींची) बाजारपेठ कंपनीची आहे आणि तिच्या अटींनुसार ती कंपनीच्या स्वतःच्या उत्पादनांतूनच वापरता येते. पायथॉनसाठी जवळजवळ सगळे विद्यार्थी वापरतात ते पायलान्स हे एक्स्टेन्शन बंद स्रोताचे आहे. दूरच्या सर्व्हरवर काम करण्याची रिमोट एक्स्टेन्शने बंद स्रोताची आहेत. सी-शार्पची नवी डेव्ह किटही तशीच. एप्रिल 2025 मध्ये सी आणि सी-प्लस-प्लसचे एक्स्टेन्शन व्हीएस कोडच्या फोर्कमध्ये (त्याच स्रोतातून इतरांनी काढलेल्या वेगळ्या आवृत्त्यांत) चालेनासे झाले, तेव्हा अनेकांना प्रथमच कळले की अशी अट मुळापासून लिहिलेली होती. ती वर्षानुवर्षे कोणी लागू केली नव्हती, इतकेच. स्पर्धक फोर्क लहान होते तोवर दार मिटलेले राहिले, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे एडिटर त्याच फोर्कमधून उभे राहून मोठे होऊ लागले तेव्हा ते हलले.

याचा अर्थ कंपनीने फसवले असा मी काढत नाही. सर्व अटी लिखित होत्या. परंतु ‘व्हीएस कोड मुक्तस्रोत आहे’ हे वाक्य आपण विद्यार्थ्यांना सांगतो, तेव्हा ते अर्धेच खरे असते, आणि उरलेले अर्धे सांगण्याची जबाबदारी शिकवणाऱ्याची आहे.

आबोली :

कोरगुटबाब, पायलान्सविषयी तुम्ही म्हणता ते मान्य आहे. मी स्वतः तो परवाना यापूर्वी कधी शेवटपर्यंत वाचला नव्हता. आज सकाळी वाचला. मात्र व्हीएसकोडियम (व्हीएस कोडच्याच स्रोतातून बनवलेला, कंपनीच्या वेगळ्या परवान्याविना मिळणारा एडिटर) आणि एक्लिप्स फाउंडेशन चालवते ती ओपन व्हीएसएक्स ही बाजारपेठ, हे दोन्ही पर्याय स्रोत खुला होता म्हणूनच उभे राहू शकले, हेही नोंदवले पाहिजे.

केवडा :

चर्चा एकाच कंपनीभोवती फिरत आहे, म्हणून दुसऱ्या कंपन्यांची उदाहरणे देतो. त्यांतून परवान्याइतकीच महत्त्वाची दोन कलमे दिसतात : नाव कोणाचे आणि कॉपीराइट कोणाकडे.

ओरॅकलने जानेवारी 2010 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स ताब्यात घेतली. त्या वर्षी सनची मुक्त प्रणाली ओपनसोलारिस बंद पडली. ओपनऑफिसच्या कार्यकर्त्यांनी सप्टेंबरमध्ये वेगळे होऊन लिब्रेऑफिस सुरू केले. प्रोग्राम आपोआप बांधून तपासणाऱ्या हडसन या साधनाचे काम करणाऱ्यांना 2011 मध्ये जेन्किन्स हे नवे नाव घ्यावे लागले, कारण जुन्या नावावर कंपनीने हक्क सांगितला. या सर्वांना स्रोत नेता आला, पण नाव नेता आले नाही. लोकांची सवय नावाशी जोडलेली असते. लिब्रेऑफिस इतकी वर्षे जोमाने वाढत असूनही आमच्या कार्यालयात आजही काही जण ओपनऑफिस शोधून उतरवतात.

कॉपीराइटचे उदाहरण त्याहून बोलके आहे. सर्व्हरची मांडणी करण्याच्या टेराफॉर्म या साधनावर योगदान देणाऱ्या बाहेरच्या डेव्हलपरांकडून हॅशिकॉर्प ही कंपनी योगदानाचे व्यापक हक्क स्वतःला देणारा एक करार सही करून घेत असे आणि त्यामुळे ऑगस्ट 2023 मध्ये कंपनीला पुढच्या आवृत्त्यांचा परवाना एकतर्फी बदलता आला. हॅशिकॉर्प ही काही प्रबळ मक्तेदार कंपनी नव्हती. ती तर मुक्तस्रोतातच जन्मली आणि डेव्हलपरांच्या प्रेमावर वाढली. इलॅस्टिकने 2021 मध्ये आणि रेडिसने 2024 मध्ये तेच केले. तेव्हा मोठ्या कंपनीवर संशय आणि लहान कंपनीवर माया हा नियम टिकत नाही.

याच्या उलट लिनक्सचा कर्नल (प्रणालीचा गाभा) पाहा. तेथे कॉपीराइट कोणा एकाकडे सोपवला जात नाही. योगदान देणारा केवळ आपल्या हक्काची ग्वाही देणारी ओळ जोडतो आणि कॉपीराइट स्वतःकडेच ठेवतो, त्यामुळे हजारो मालक झाले आहेत आणि परवाना बदलणे कोणाच्याच हाती राहिलेले नाही. मायक्रोसॉफ्टने 2009 मध्ये हायपर-व्ही या आपल्या आभासी संगणकांच्या साधनासाठी सुमारे 20,000 ओळींचा स्रोत कर्नलला जीपीएल या वाटलेला बदलही त्याच अटींवर खुला ठेवायला लावणाऱ्या परवान्याखाली दिला, तोही बाल्मर यांच्याच काळात. तिचे ते योगदान मला तिच्या स्वतःच्या कोणत्याही प्रकल्पापेक्षा अधिक निर्धास्तपणे वापरता येते, कारण ते तिच्या हद्दीबाहेर गेले आहे.

मांडवीतीर (धागाकर्ते) :

केवडा यांनी माझा मुद्दा माझ्यापेक्षा नेमका मांडला. आबोली, आपण डॉटनेटवर काम करता, म्हणून 2021 च्या ऑक्टोबरमधील घटनेविषयी आपले मत जाणून घ्यायचे आहे. कमांड लाइनवरून चालणारी हॉट रिलोडची (चालू प्रोग्राम न थांबवता बदल लागू करण्याची) सोय प्रकाशनाच्या तोंडावर खुल्या स्रोतातून काढून टाकली गेली आणि ती व्हिज्युअल स्टुडिओ 2022 या कंपनीच्या बंद स्रोताच्या उत्पादनापुरती ठेवण्याचे जाहीर झाले. ओरड झाल्यावर काही दिवसांतच ती परत आली. हा प्रसंग विश्वास वाढवणारा मानावा की घटवणारा?

आबोली :

तेव्हा मी रागावले होते. आज मी त्याकडे दोन भागांत पाहते. काढण्याचा निर्णय कोठे झाला, हे बाहेरच्या कोणालाही कळले नाही. त्या चर्चेत समुदायाला जागाच नव्हती आणि हा दोष खरा आहे. परंतु स्रोत उघड असल्यामुळे तो काढणारा बदल सगळ्यांना दिसला, त्यावर त्याच ठिकाणी शेकडो लोकांनी आक्षेप नोंदवले, तो उलटवणारा बदल बाहेरच्यांनी तयार करून ठेवला, आणि कंपनीला चूक मान्य करून माघार घ्यावी लागली. बंद उत्पादनात तीच सोय गुपचूप गेली असती आणि आम्हाला प्रकाशनाच्या दिवशी कळले असते. म्हणून माझा विश्वास कंपनीच्या निर्णयप्रक्रियेवरचा घटला आणि उघडेपणावरचा वाढला. या दोन गोष्टी मी तोपर्यंत वेगळ्या मानत नव्हते.

सुरंगी :

एक छोटी भर. मे 2020 मध्ये विंडोजसाठी विंगेट हे प्रोग्राम बसवण्याचे साधन आले, तेव्हा त्याची रचना ॲपगेट या स्वतंत्र मुक्त प्रकल्पाशी फार जुळणारी होती. त्या प्रकल्पाच्या कर्त्याशी कंपनीने आधी बोलणी केली होती, आणि घोषणेत त्याच्या कामाचे श्रेय पुरेसे दिले गेले नाही. ते टीका झाल्यावर दिले. परवान्याने कल्पना घेण्याची मनाई नव्हती. पण डेव्हलपरांचा विश्वास परवान्याच्या अक्षरापेक्षा सौजन्यावरही टिकतो, आणि एकट्याने प्रकल्प चालवणाऱ्या माणसाच्या दृष्टीने श्रेय हीच बहुधा एकमेव मिळकत असते.

दर्यावर्दी :

मी नोकरीनिमित्त दुबईत असतो, मूळचा पेडण्याचा. आम्ही काही गोमंतकीय मिळून मराठी आणि कोकणीसाठी देवनागरी टंकलेखनाचे एक लहान मुक्त साधन सांभाळतो, म्हणून गिटहबविषयी लिहितो. या धाग्यात त्याचा उल्लेख ओझरताच झाला आहे, आणि माझ्या मते खरा प्रश्न तेथेच आहे.

2018 मध्ये खरेदीची बातमी आली तेव्हा अनेकांनी आपापले प्रकल्प गिटलॅब या तशाच दुसऱ्या सेवेवर हलवले. आम्ही हललो नाही. त्यानंतरची वर्षे पाहता कारभार वाईट झाला असे मी म्हणू शकत नाही. खासगी रिपॉझिटरी (प्रकल्पांची भांडारे) 2019 पासून मोफत झाल्या. ऑक्टोबर 2020 मध्ये संगीत उद्योगाच्या तक्रारीवरून व्हिडिओ उतरवून घेण्याचे यूट्यूब-डीएल हे साधन हटवले गेले होते, ते पुढच्याच महिन्यात परत आणून अशा प्रसंगी डेव्हलपरांच्या बचावासाठी गिटहबने दहा लाख डॉलरांचा निधी उभा केला. याचे श्रेय दिलेच पाहिजे.

परंतु जुलै 2019 मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रिमियातील डेव्हलपरांच्या खासगी रिपॉझिटरी बंद झाल्या. इराणच्या बाबतीत अमेरिकी सरकारची परवानगी मिळून ते निर्बंध उठायला जानेवारी 2021 उजाडले. येथे कंपनीचा हेतू वाईट नव्हता; कायदा तिला पाळावाच लागला. हाच मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. विश्वास हेतूवर ठेवला तरी हेतूच्या वर एका दूरच्या देशाचा कायदा आहे आणि त्या कायद्यात आपल्याला मत नाही. आखातात राहणाऱ्या माणसाला हे सांगण्यासाठी कल्पनाशक्ती लागत नाही.

गिट स्वतः विकेंद्रित आहे. आमच्या प्रत्येकाच्या संगणकावर पूर्ण इतिहास आहे. तरी आमचे खरे धन स्रोतात नाही. कोकणीतील कोणता जोडाक्षरांचा क्रम का निवडला, दोन गावचे लोक एकच शब्द वेगळा का लिहितात, कोणत्या शिक्षिकेने कोणती अडचण कळवली, या सगळ्याच्या चर्चा गिटहबच्या नोंदींत आहेत आणि त्या गिटमध्ये येत नाहीत. त्या आमच्याच आहेत असे आम्ही मानून चाललो आहोत.

आणखी एक गोष्ट कोपायलटची, म्हणजे प्रोग्रामच्या ओळी सुचवणाऱ्या गिटहबच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाची. जून 2021 मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली आणि ती सार्वजनिक स्रोतावर शिकवलेली होती. जीपीएलसारख्या परवान्यांची श्रेयाची आणि वाटून घेण्याची अट अशा वापरात कोठे उरते, यावर नोव्हेंबर 2022 मध्ये अमेरिकेत खटला दाखल झाला. त्यातील बरेच दावे पुढे न्यायालयाने फेटाळले. कायद्याने जो काय निकाल लागायचा तो लागो. मला खटकले ते असे की, गिटहबवर स्रोत ठेवताना आम्ही ज्या वापराला होकार दिला असे आम्हाला वाटत होते, त्यात हा वापर नव्हता आणि आम्हाला कोणी विचारले नाही. कोणी म्हणेल की सार्वजनिक स्रोत कोठेही ठेवला तरी तो उचलला जाईल, आणि ते खरे आहे. पण ज्याच्या ओसरीवर आपण विश्वासाने वस्तू ठेवली त्याने न विचारता ती वापरणे आणि वाटसरूने वापरणे, यांतला फरक मनातून जात नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये गिटहबच्या मुख्याधिकाऱ्यांनी पद सोडण्याचे जाहीर केले आणि गिटहब कंपनीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विभागात समाविष्ट होईल असे कळले. 2018 मध्ये गिटहब स्वतंत्रपणे चालेल असे आश्वासन दिले गेले होते. सात वर्षे ते बऱ्याच अंशी पाळले गेले, असे मी प्रामाणिकपणे म्हणेन. आणि पुढची सात वर्षे त्यावर काढता येणार नाहीत, असेही म्हणेन.

केवडा :

दर्यावर्दी यांच्या प्रतिसादाला एक पुस्ती. होस्टिंगसाठी, म्हणजे गिटहबसारखी सेवा स्वतःच्या सर्व्हरवर चालवण्यासाठी, गिटी या मुक्त साधनाला पर्याय म्हणून फोर्जेओ का निघाले, हे पाहा. ऑक्टोबर 2022 मध्ये गिटीचे नाव आणि डोमेन एका व्यापारी कंपनीकडे गेल्याचे समुदायाला मागाहून कळले, तेव्हा जर्मनीतील कोडबर्ग या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली फोर्जेओ वेगळे झाले. परवाना तेव्हाही एमआयटीच होता आणि त्याला कोणी हात लावला नव्हता.

मांडवीतीर (धागाकर्ते) :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल सहकाऱ्यांसमोर हा धागा वाचून दाखवला आणि पुढीलप्रमाणे ठरले.

विद्यार्थ्यांच्या संगणकांवर व्हीएसकोडियम आणि ओपन व्हीएसएक्स असेल. घरी कोणी व्हीएस कोड वापरला तर आमची हरकत नाही, परंतु पहिल्याच शनिवारी दोन्हींचे परवाने शेजारी ठेवून वाचले जातील. टाइपस्क्रिप्ट आणि डॉटनेट निःशंकपणे शिकवू, कारण उद्या कंपनीने पाठ फिरवली तरी हाती असलेली आवृत्ती आणि तिचा परवाना आमच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. आमच्या स्वतःच्या प्रकल्पांत बाहेरून योगदान देणाऱ्यांकडून कॉपीराइटचा करार घेणे आम्ही बंद करत आहोत. कर्नलची पद्धत आम्हालाही लागू आहे. मोठ्या कंपनीकडून अपेक्षा करायची आणि स्वतः लहान आहोत म्हणून वेगळे वागायचे, हे बरे दिसत नाही. गिटहबवर राहू, पण फोर्जेओवर प्रत ठेवू.

दोन अडचणी उरल्या आहेत. डॉटनेटचा डीबगर व्हीएसकोडियममध्ये वापरण्यास परवाना आड येतो, आणि फोर्जेओवर प्रत ठेवताना दर्यावर्दी म्हणतात त्या चर्चांचे काय करावे, हे कळलेले नाही.

आबोली :

डीबगरसाठी सॅमसंगने एमआयटी परवान्याखाली दिलेला नेटकोअरडीबीजी वापरा. कंपनीच्या डीबगरइतक्या सोयी त्यात नाहीत, पण विद्यार्थ्यांना थांबे लावून चलांच्या किमती पाहण्यासाठी तो पुरतो. मी येत्या शनिवारी फोंड्याला येऊन तो बसवून देऊ शकते.

दर्यावर्दी :

फोर्जेओत रिपॉझिटरी नुसती मिरर (आपोआप अद्ययावत होणारी प्रत) म्हणून जोडली तर स्रोत आणि विकी येतात, नोंदी येत नाहीत. नोंदी, लेबले आणि पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याच्या विनंत्या) हव्या असतील तर मिररची खूण न करता एकदाच पूर्ण स्थलांतर करावे लागते, आणि त्यानंतर गिटहबवर पडलेल्या नोंदी आपोआप येत नाहीत. म्हणून आम्ही आता स्रोताचा मिरर वेगळा ठेवतो आणि गिटहबच्या एपीआयमधून (प्रोग्रामने माहिती मागण्याच्या सोयीतून) सर्व नोंदी ठरावीक काळाने जेसन फाइलींत उतरवून त्या गिटमध्येच साठवतो. ती स्क्रिप्ट जीपीएलखाली आहे, आपल्याला पाठवतो.